दरड कधी कोसळणार, हे आधी का सांगता येत नाही?

कुठे दरड कोसळल्याची बातमी आली की हा प्रश्न हमखास येतो. उपग्रह आहेत, सेन्सर आहेत, एवढं संशोधन चाललंय, मग आधी का कळत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

काही दरडींच्या बाबतीत कळतं. अमेरिकेत यूटामधल्या बिंगहॅम कॅन्यन या तांब्याच्या खाणीत १० एप्रिल २०१३ रोजी डोंगराची अख्खी बाजू खाली आली. कामगारांना आधीच बाहेर काढलं होतं, त्यामुळे कोणाच्याही जिवाला धक्का लागला नाही. स्वित्झर्लंडमधलं ब्रिएंत्स गाव मे २०२३ मध्ये रिकामं केलं, महिन्याभरानंतर रात्री कडा कोसळला आणि गावाच्या अगदी तोंडाशी येऊन थांबला. दुसरीकडे, २००४ ते २०१६ या काळात भूकंपामुळे पडलेल्या दरडी सोडून जगभरात जीव घेणाऱ्या ४,८६२ दरडींची नोंद झाली आणि त्यांत ५५,९९७ माणसं गेली. एवढा फरक का, याचं उत्तर दरडीच्या प्रकारात आहे.

खोल, मोठ्या दरडी बऱ्याचदा कोसळण्याआधी महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं सरकत असतात, आणि जे सरकतं ते मोजता येतं. पावसात सुटणाऱ्या उथळ दरडींचं तसं नसतं. दीड-दोन मीटर जाडीचा मातीचा थर खालच्या खडकावरून काही सेकंदांत निघून येतो आणि एका रात्रीत एकाच डोंगररांगेत अशा शेकडो जागा सुटू शकतात. त्यातली नेमकी कोणती सुटेल, हे सांगायचं तर प्रत्येक उतारावर मातीची जाडी, मुळांची पकड आणि आतलं पाणी माहीत हवं. ते कुठेच माहीत नसतं.

आता त्या पाण्याबद्दल. पाण्यामुळे माती निसरडी होते म्हणून दरड घसरते, असं सर्रास सांगितलं जातं. ते बरोबर नाही, आणि हा गैरसमज काढणं मला फार गरजेचं वाटतं, कारण उपाय त्यावरच ठरतात. उतारावरची माती टिकते ती कण एकमेकांवर दाबले गेल्यामुळे होणाऱ्या घर्षणावर. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ते पाणी कणांना एकमेकांपासून दूर ढकलतं. दाब कमी, म्हणून घर्षण कमी. हे गणित अभियंते कार्ल तेर्झागी यांनी १९२० च्या दशकात मांडलं. माती अर्धवट ओली असते तेव्हा उलट घडतं: कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना ओढून धरतं. ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो तो त्याच ओढीवर, आणि पाणी जास्त झालं की ढासळतो.

आकड्यांत पाहा. ३० अंशांचा उतार, २ मीटर जाड माती, घनमीटरला १९ किलोन्यूटन वजन, घर्षणाचा कोन (कण एकमेकांना घासून किती धरून ठेवतात याचं माप) ३२ अंश, आणि मुळं व चिकणपणा मिळून ५ किलोपास्कलची (हे दाबाचं एकक) पकड. मातीत पाण्याचा दाब नसेल तर धरून ठेवणाऱ्या बलाचं ओढणाऱ्या बलाशी गुणोत्तर १.३९ येतं, म्हणजे उतार सुरक्षित. अर्धी जाडी पाण्याने भरली की १.११. पूर्ण भरली की ०.८३, पण तिथवर पाणी चढतच नाही, कारण सुमारे १.४ मीटरला गुणोत्तर १ होतं आणि माती सुटते. याच उतारावरची झाडं तोडली, काही वर्षांत मुळं कुजली आणि पकड ५ वरून २ वर आली, तर अर्ध्या पाण्यातच गुणोत्तर ०.९२ होतं. म्हणजे गेली कित्येक वर्षं जो पाऊस या उताराने सोसला, तोच आता त्याला पाडू शकतो. ‘इथे याआधी कधी दरड पडली नाही’ या वाक्यावर विसंबू नये, ते यासाठी.

प्रत्येक उताराच्या आतलं पाणी मोजता येत नाही, म्हणून संशोधक पावसाकडे वळले. १९८० साली नेल केन यांनी वेगवेगळ्या देशांतल्या ७३ घटनांच्या नोंदी गोळा करून किती वेळ किती जोराचा पाऊस पडला की उथळ दरडी सुरू होतात, याची खालची रेषा काढली. त्या सूत्रानुसार तासाभरात साधारण १५ मिलिमीटर, सहा तासांत ४४, किंवा २४ तासांत १०३ मिलिमीटर. ही जागतिक किमान रेषा आहे. जिथे दरवर्षीच मुसळधार पाऊस होतो तिथले उतार याहून बरंच जास्त सोसतात, त्यामुळे हे आकडे उचलून दुसरीकडे लावणं चूक. प्रत्येक प्रदेशाला आपली रेषा आपल्याच नोंदींवरून काढावी लागते. शिवाय आधीच्या दिवसांचा पाऊसही धरावा लागतो. अमेरिकेतल्या सिॲटल शहरात म्हणूनच शेवटच्या तीन दिवसांचा पाऊस आणि त्याआधीच्या पंधरा दिवसांचा पाऊस एकत्र बघतात. जमीन आधीच भिजलेली असेल तर थोडा पाऊसही पुरतो.

इथे बिघडतं ते बहुतेक वेळा सूत्र नव्हे, मोजमाप. पर्जन्यमापक दरीत, रस्त्याजवळ, जिथे पोहोचायला सोपं तिथे बसवतात आणि पाऊस कोसळतो माथ्यावर. भरली की उलटणारी वाटी असलेल्या मापकात दर ०.२ मिलिमीटरला एक ठोका पडतो, पण वरच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकला की ठोके थांबतात आणि नोंद ‘पाऊस नाही’ अशी होते. ऐन मुसळधारेत ठोक्यांच्या मधलं पाणी सांडतं, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. नेमका जेव्हा तो अचूक हवा असतो तेव्हाच.

हळू सरकणाऱ्या उतारांवर मात्र वेळेचा अंदाज बांधण्याची एक सुंदर रीत आहे. जपानी संशोधक फुकुझोनो यांनी १९८५ साली ती मांडली. वेगाचा आलेख काढण्याऐवजी एक भागिले वेग, असा आलेख काढायचा. समजा उतार पहिल्या दिवशी ५ मिलिमीटर सरकला, विसाव्या दिवशी १०, तिसाव्या दिवशी २०. उलटे आकडे ०.२०, ०.१०, ०.०५. रेषा सरळ खाली येते आणि चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास शून्याला टेकते. तोच कोसळण्याचा अंदाज. इटलीतल्या वायोंत धरणाच्या जलाशयात ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री सुमारे २७ कोटी घनमीटर डोंगर उतरला, लाट धरणावरून उसळून खालच्या वस्त्यांवर गेली आणि जवळपास २,००० माणसं मेली. उतार सरकतोय हे माहीत होतं, सरकणं मोजलंही जात होतं आणि अखेरीस वेग दिवसाला २० सेंटीमीटरवर गेला होता. त्या नोंदी पुढे उलट्या आलेखावर मांडल्या तेव्हा रेषा शून्याकडे जाताना स्पष्ट दिसली.

पण ही रीतही फसते. पाऊस थांबला की वेग मंदावतो, रेषा वर वळते आणि अंदाज कोलमडतो. भेगेवरचं मापक उन्हाने तापून रोज दुपारी एखादा मिलिमीटर दाखवतं आणि रात्री परत येतं, म्हणून नोंद ठरल्या वेळीच घ्यावी. विंधनभोकातली कल मोजणारी नळी घसरण्याच्या पातळीखालच्या घट्ट खडकापर्यंत गेली नसेल तर नळीच उतारासोबत सरकते आणि आकडे शून्य दिसतात.

उपग्रहाच्या रडारने वर्षाला काही मिलिमीटर सरकणंही दिसतं, पण तो काही दिवसांनी एकदाच त्या जागेवर येतो, दाट झाडीत त्याचे संकेत विस्कळीत होतात आणि उत्तर-दक्षिण सरकणं त्याला जवळजवळ दिसत नाही. कुठे लक्ष ठेवावं हे ठरवायला तो उत्तम. आज रात्री घर सोडावं का, हे तो सांगू शकत नाही.

मग राहतो इशारा कोणत्या आकड्यावर द्यायचा, हा प्रश्न. मर्यादा खाली ठेवली तर इशारे वाढतात, पुष्कळदा काहीच घडत नाही आणि लोक चौथ्या-पाचव्या वेळी हलत नाहीत. वर ठेवली तर एखादी दरड इशाऱ्याविना येते. हे विज्ञानाने सुटणारं कोडं नाही, त्यात निवड आहे, आणि ज्यांना रात्री उठून मुलं-म्हातारी घेऊन निघायचं आहे त्यांना विचारून ती व्हावी असं माझं ठाम मत आहे. निघायचं कुठे, कोणत्या वाटेने, जनावरांचं काय, आदेश कोण देणार, हे पावसाआधी ठरलेलं नसेल तर अचूक इशाराही वाया जातो. ब्लाटेन या स्विस गावातून मे २०२५ मध्ये सुमारे ३०० लोकांना नऊ दिवस आधी हलवलं होतं. नंतर हिमनदी आणि खडकांखाली बहुतेक गाव गाडलं गेलं, जीव मात्र एकाचाच गेला.

तुमच्या हातात काय आहे? उताराच्या माथ्यावर कमानीसारखी भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी खुंटी ठोका, वर खूण करा आणि रोज सकाळी ठरल्या वेळी अंतर मोजून लिहा. रोजची वाढ आदल्या दिवसापेक्षा जास्त होऊ लागली की मोजत बसू नका, निघा. भेग मातीने बुजवून वर प्लास्टिक अंथरा, म्हणजे पाणी आत मुरणार नाही. माथ्यावर चर काढून पाणी बाजूला वळवा, चराचं तोंड मात्र दुसऱ्या उतारावर सोडू नका. शोषखड्डा आणि गळका नळ उताराच्या वर नको. संरक्षक भिंतीतली पाणी जाण्याची भोकं बुजली की भिंतीमागे पाणी साठतं आणि भिंतच कोसळते, ती दर पावसाळ्याआधी मोकळी करा. पायथा खणून जागा वाढवणं हे सगळ्यात धोकादायक.

ओढ्याचं पाणी भर पावसात एकाएकी कमी झालं किंवा गढूळ झालं तर वर कुठेतरी माती अडली आहे असं समजा. दारं-खिडक्या अडकू लागणं, झाडं किंवा खांब कलणं, नवा झरा फुटणं, हीही लक्षणं. पळायचं ते ओढ्याच्या दिशेने खाली नव्हे, बाजूला आणि वर. पाऊस थांबला म्हणून लगेच परतू नका, खोल उतारांत पाणी मुरत राहतं आणि ते काही दिवसांनंतरही सुटतात.

आणि एक विनंती. पावसाची रेषा काढताना आम्हा दरडींचा अभ्यास करणाऱ्यांना सगळ्यात जास्त कमी पडते ती दरड पडल्याची वेळ. दरड पडली हे कळतं, पण किती वाजता, हे बहुतेक नोंदींत नसतं. आणि वेळ नसली की किती पावसानंतर ती पडली हे सांगता येत नाही. कोणाचंही नुकसान न करणारी चार-पाच मीटरची लहान दरड दिसली तरी तारीख, अंदाजे वेळ, जागा आणि लांबून एक फोटो एवढं स्थानिक प्रशासनाला किंवा भूवैज्ञानिक कार्यालयाला कळवा. वेळ नक्की ठाऊक नसेल तर ‘रात्री अकराला रस्ता मोकळा होता, पहाटे पाचला बंद’ एवढंही पुरतं.