बार्शी लाइटच्या एका डब्यासाठी: सातारा ते मिरज, दोन दिवस

गेल्या जानेवारीत शनिवार-रविवार गाठून सांगली-मिरजेला जाऊन आलो. काम एकच होतं. बार्शी लाइट या जुन्या नॅरोगेज रेल्वेच्या एका बंद मालडब्याचं मॉडेल १:८७ प्रमाणात पुरं करायचं, आणि तेही सरांच्या टेबलाशी बसून. सर सांगलीत शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहेत. छोट्या रेल्वेच्या नादाला लागलेल्या आमच्यासारख्यांना या भागात ते एकच आधार. कुणाला हीच वाट धरायची असेल तर उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

बार्शी लाइटच का, ते आधी सांगायला हवं. बाजारात सगळ्यात जास्त माल मिळतो तो एचओचा, म्हणजे १:८७ चा, आणि त्याचा रूळ १६.५ मिलीमीटरचा, म्हणजे दोन पट्ट्यांमधलं अंतर तेवढं. हे माप युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलीमीटरच्या रुळावरून आलेलं. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलीमीटर. त्याला ८७ ने भागा, १९.२६ येतात. म्हणजे आपलं इंजिन १६.५ च्या रुळावर ठेवलं की समोरून बघताना पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं. मी सहा वर्षं ते सोसलं. नॅरोगेजचं गणित मात्र वेगळं आहे. बार्शी लाइट अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलीमीटर. भागिले ८७, ८.७६. आणि एन गेजचा, म्हणजे एचओहून लहान मापाच्या मॉडेलांचा, तयार रूळ मिळतो ९ मिलीमीटरचा! पाव मिलीमीटरचासुद्धा फरक नाही. आपल्या मातीतली गाडी मापात बसवायची असेल तर ती ही. आणि ही गाडी मिरजेची.

मिरज हे असं जंक्शन, की एके काळी मीटरगेज, ब्रॉडगेज आणि नॅरोगेज तिन्ही एकाच आवारात नांदत. पुणे-मिरज मीटरगेज १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज झालं, पण बेळगावकडची मीटरगेज आणि पंढरपूरकडची नॅरोगेज त्यानंतरही बरीच वर्षं चालू होती. बार्शी लाइटची सुरुवात १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी अशी झाली आणि १९२७ मध्ये ती मिरजेला पोचली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे तिचे इंजिनिअर. हा माणूस पुढे विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या कामात रमला. एका अक्षावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं आणि सगळा ताफा त्या हिशोबानं बांधला. मालडब्यांची खालची चौकट सारखीच, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. आपल्या प्रमाणात ८७.६ बाय २४.५ मिलीमीटर. एक चौकट साधली की बंद डबा, उघडा डबा, सपाट डबा, सगळं त्याच साच्यातून निघतं. घरी टेबलावर एकट्यानं काम करणाऱ्याला याहून मोठी सोय नाही.

आता प्रवास. सातारा स्टेशन गावात नाही, माहुलीला आहे. सकाळची गाडी धरायची तर रिक्षा आदल्या रात्रीच सांगून ठेवा, पहाटे वडाप, म्हणजे सीटवर जाणारी जीप, मिळेलच असं नाही. मिरज रेल्वेनं १३० किलोमीटरच्या आसपास. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड, शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली असा रस्ता. शेणोली आलं की मी दर वेळी खिडकीशी येतो. ७ जून १९४३ ला प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं इंग्रज सरकारची पगाराची गाडी अडवली ती इथं. तेव्हा इथं मीटरगेज होतं. ते दृश्य १२ मिलीमीटरच्या रुळावर उभं करायचं माझ्या मनात फार दिवसांपासून आहे. पण त्या काळचे डबे नीट कळल्याशिवाय हात घालणार नाही. अशा घटनेचं अंदाजपंचे मॉडेल करू नये, असं माझं ठाम मत आहे.

मध्ये एका लहान स्टेशनवर उतरलो. तिथल्या मास्तरांनी मोठ्या मनानं वेळ दिला, म्हणून नाव देत नाही. ऑफिसला काळ्या दगडाची भिंत आणि कमानीची खिडकी. शेजारी नव्या इमारतीचं काम चाललेलं. दुहेरीकरण आणि विजेच्या तारा आल्या तशी या मार्गाची जुनी ओळख झपाट्यानं पुसली जाते आहे. ज्यांना मापं घ्यायची आहेत त्यांनी पुढच्या वर्षावर ढकलू नका.

मापं घेण्याची रीत अशी. आधी मास्तरांना भेटा, वही आणि केलेल्या कामाचे फोटो दाखवा, काय मोजायचंय ते सांगा आणि हो म्हणाले तरच मोजा. प्लॅटफॉर्म सोडून खाली उतरायचं नाही. रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली तो गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी जिवाशी खेळ आहेच. पोलादी टेप नेऊ नका, कापडी न्या. डोक्यावर २५,००० व्होल्टची तार असते, त्यामुळे लांब काठी किंवा सेल्फी स्टिक वर करायची नाही. मी एक मीटरची लाकडी पट्टी वापरतो, दर दहा सेंटिमीटरला काळा-पांढरा पट्टा मारलेली. ती भिंतीला टेकवून उभी करायची, समोर अगदी सरळ उभं राहून फोटो काढायचा, आणि घरी फोटोवरून बाकीची मापं काढायची. उंच गोष्टींसाठी दगडांचे थर मोजा. एक थर मोजला की छपरापर्यंतची उंची गुणाकारानं येते. आणि इमारतीच्या चारही बाजू घ्या. पहिल्या खेपेला मी फक्त प्लॅटफॉर्मची बाजू मोजून आलो होतो. खोली किती ते कळेना, आणि नुसती तेवढी बाब मोजायला पुन्हा एक रविवार गेला.

तिथून पुढची गाडी फार उशिरा होती, म्हणून वडापनं मोठ्या रस्त्याला आलो आणि एसटीनं सांगली गाठली. पॅसेंजरच्या भरवशावर मध्ये उतरणाऱ्यांनी एसटीचा पर्याय डोक्यात ठेवूनच उतरावं.

सरांचं घर गावभागात, कृष्णेपासून जवळ. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तळमजल्यावरचा त्यांचा सगळा लेआउट, म्हणजे मांडून ठेवलेली छोटी रेल्वे, पाण्यात गेला. बारा फुटी एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) पाया आठ दिवसांत पापडासारखा फुगला. सर ते सांगताना आवाज चढवत नाहीत. काकू म्हणाल्या, "इंजिनं तेवढी माळ्यावर होती म्हणून वाचली." रूळ मात्र सरांनी टाकले नाहीत. गोड्या पाण्यानं धुतले, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसले, सांधे नव्यानं झाळले, आणि आज तेच रूळ वापरात आहेत. निकेल सिल्व्हरचे रूळ सहजी हार मानत नाहीत.

आता सरांचा लेआउट तुकड्यांचा आहे. एकेक तुकडा १२० बाय ४५ सेंटिमीटरचा, प्लायवूडच्या चौकटीवर, दोन माणसं जिन्यावरून सहज नेतील एवढ्याच वजनाचा. जुळवायला बोल्ट आणि विजेला प्लग. जुलै २०२१ ला पाणी पुन्हा चढू लागलं तेव्हा शेजारची पोरं बोलावून तासाभरात सगळं वर गेलं. कृष्णाकाठी राहणाऱ्यानं याहून वेगळं काही बांधूच नये. साताऱ्यात मला पुराची भीती नाही, तरी परत आल्यावर मीही माझा पाया कापून तीन तुकडे केले. घर बदलायची वेळ कुणावरही येते.

"डबा दाखव," सर म्हणाले. मी कार्डाचा केलेला सांगाडा पुढं ठेवला. त्यांनी तो उजेडात धरला, नखानं कडेला टिचकी मारली आणि म्हणाले, "कार्ड कोरडं राहिलंय. पावसाळ्यात पोट काढेल. उद्या मिरजेला चल."

रविवारी सकाळी शहर बसनं मिरज. दोन्ही गावांत दहा-एक किलोमीटरचं अंतर आहे, बस सतत असतात. दर्ग्याच्या बाजूला सतारमेकरांच्या गल्लीत गेलो. मिरजेची सतार आणि तानपुरा म्हणजे काय, ते मराठी माणसाला सांगायला नको. २०२४ मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण आमच्या छंदाचं अर्धं दुकान याच गल्लीत आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

पहिली वस्तू तारा. इथं तार नंबरावर मिळते. ३२ नंबरची पोलादी तार ०.२७ मिलीमीटरची भरते, म्हणजे ८७ पटीनं साधारण २४ मिलीमीटर. डब्याच्या दाराशी धरायचा खरा दांडा साधारण तेवढाच जाड असतो. अशी सरळ, ताठ, वाकवली तर टोकदार कोपरा धरणारी तार मला कुठल्याच हॉबी दुकानात मिळाली नव्हती. पोलादी तारेला झाळ नीट धरत नाही, ती सुपरग्लूनं भोकात बसवायची. ब्रेकचे दांडे वगैरे जिथं झाळ लागते तिथं पितळी तार घ्यावी, २८ नंबरची.

दुसरी वस्तू तुणीच्या लाकडाच्या ढलप्या. वाद्यांच्या कामातून उरलेल्या पातळ कापट्या. रेषा इतक्या बारीक की त्यातून कापलेली फळी १:८७ मध्ये खऱ्या फळीसारखी दिसते. सागाची रेषा या मापाला फार मोठी होते. दुकानातल्या सतारमेकर चाचांनी ढलप्यांचे पैसे घेतले नाहीत. सरांनी मागच्या वेळी दिलेला छोटा डबा त्यांच्या दुकानात मांडलेला होता, तोच मोबदला.

तिसरी आणि सगळ्यात मोलाची, चपडा लाख. स्पिरिटमध्ये विरघळवून ठेवायची. कार्डावर पातळ हात, वाळू द्यायचा, पुन्हा हात, असे चार. कार्ड प्लॅस्टिकसारखं कडक होतं, कानसेनं घासता येतं, आणि दमट हवेत फुगत नाही. प्लायवूडच्या कडांनाही सर हीच लाख मारतात. एकच पथ्य आहे: पावसाळ्यात लाख मारू नका, हवेतल्या दमटपणानं ती पांढुरकी पडते. म्हणूनच मी जानेवारी निवडला.

दुपारपासून रात्रीपर्यंत टेबल. आधी लाख. ती वाळेपर्यंत रिव्हेट. जाड कागदाच्या पट्टीवर फूटपट्टी धरून, मागच्या बाजूनं कंपासच्या बोथट टोकानं एकेक ठिपका दाबायचा. टोक बोथट नसेल तर कागद फाटतो, जोर कमी-जास्त झाला तर ओळ बिघडते. माझ्या पहिल्या तीन पट्ट्या सरांनी बाजूला ठेवल्या. चौथी त्यांनी बोटाच्या टोकानं चाचपून बघितली, नुसती मान हलवली आणि लाखेच्या ओल्या हातावर चिकटवली. मग दारं तुणीची, दांडे तारेचे. खाली एन गेजच्या दोन बोग्या, म्हणजे चाकांच्या फिरत्या चौकटी. आत वजनाला गळाच्या शिशाचे तुकडे, साधारण ३० ग्रॅम.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरांचं पुढचं काम चाललेलं होतं, २०१६ ची जलदूत. एप्रिलच्या त्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाणी नेणाऱ्या पहिल्या गाडीत दहा टँकर होते, एकेकात ५०,००० लिटर. सरांनी दहाही आखून ठेवलेत, दोन पुरे झालेत. ती ब्रॉडगेजची असल्यानं १६.५ वरच चालणार, आणि रुंदीचा फरक दिसणारच, हे त्यांना ठाऊक आहे. "ही गाडी मिरजेतून निघाली, ती माझ्या टेबलावर नसून कसं चालेल?" एवढंच म्हणाले. रूळ आणि माप यांच्या हट्टापुढं कधीकधी हे मोठं असतं, हे मला पटलं.

खडीबद्दल एक सावधगिरी, ती माझ्या चुकीतून आलेली. क्रशरवरची काळ्या दगडाची बारीक कच चाळून रुळाशी टाकली की दिसायला हुबेहूब. पण आपल्या काळ्या दगडात लोहचुंबकाकडं ओढले जाणारे कण असतात. ते इंजिनाच्या मोटरीच्या चुंबकाला चिकटतात. माझी एक मोटर अशीच गेली. कच वापरायचीच असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत जाड चुंबक घालून चार-पाचदा फिरवा, काय चिकटतं ते बघून थक्क व्हाल. मग फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, आणि ड्रॉपरनं सोडायचं.

राहण्याचं आधी ठरवा. मिरज दवाखान्यांचं गाव आहे. स्टेशन आणि एसटी स्टँडजवळचे लॉज पेशंटच्या नातेवाइकांनी भरलेले असतात, आणि त्यांची गरज आपल्याहून मोठी असते. सांगलीत विश्रामबागेला राहिलं तर दोन्हीकडं जाणं सोपं. आषाढी-कार्तिकीचा आठवडा टाळा, पंढरपूरच्या बाजूच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. कुणाच्या टेबलावर बसायला जाणार असाल तर रिकाम्या हातानं जाऊ नका. मी साताऱ्याचे कंदी पेढे नेले, येताना काकूंनी भडंग बांधून दिलं. डबा नेण्या-आणण्याला स्टीलचा जेवणाचा डबा आणि कापूस उत्तम. प्लॅस्टिकची डबी बॅगेत दबते.

घरी आलो आणि डबा माझ्या २२ सेंटिमीटरच्या वळणावर रुळावरून उतरला. तीनदा उतरला. रात्री सरांना फोन केला.

"दोन्ही बोग्यांचे स्क्रू सारखेच घट्ट केलेस का?"

"हो सर."

"एक घट्ट ठेव, नुसती फिरू दे. दुसरा अर्धा आटा सैल कर, म्हणजे ती बोगी फिरेल पण आणि डुलेल पण. चारही पाय घट्ट केले तर पाट डुगडुगतो, तसंच हे."

अर्धा आटा सैल केला. डबा वळणावरून गेला, उलटाही आला. आता त्याच चौकटीवर उघडा डबा घेतलाय. २८ नंबरची पितळी तार संपत आली आहे. दिवाळीच्या आधी कुणी मिरजेला जाणार असेल तर माझ्यासाठी दोन मीटर आणावी.