बत्तीस-चाळीस

११ जानेवारी, शनिवार

सायकल घरी आली. साठच्या दशकातली कार्लटन. वर्कसॉपला बनली आणि आज वर्कसॉपमधूनच उचलून आणली, म्हणजे एवढ्या वर्षांत ती नॉटिंगहॅमशायर सोडून कुठे राहायला गेलीच नाही. हिरवा रंग उडालाय, लग्जच्या, म्हणजे नळ्यांच्या सांध्यांवरच्या कवचांच्या, कडांवरची सोनेरी रेघ मात्र अजून दिसते. चेन गंजून काठीसारखी ताठ. हँडलवरची कापडी पट्टी हात लावताच भुसा झाली.

सीटखालच्या नळीवर रेनल्ड्स ५३१ चं स्टिकर आहे, पण निम्मं खरवडलेलं. ५३१ म्हणजे बर्मिंगहॅमचं मँगनीज-मॉलिब्डेनम पोलाद, १९३५ पासूनचं. त्यातही दोन प्रकार: एकजाड नळी, किंवा टोकांना जाड आणि मधे पातळ केलेली, म्हणजे बटेड. कुठला ते सांगणारा शब्द नेमका गेलेल्या अर्ध्यात होता. सीटपोस्ट काढून व्हर्नियर लावला. २७.२ मिलिमीटर. एकजाड नळीला सहसा याहून बारीक पोस्ट लागतो. दोनदा मोजलं, मग खाली फरशीवरच बसले. बटेड, म्हणजे चांगली फ्रेम आहे.

रात्री सांगलीला व्हिडिओ कॉल केला. बाबांनी फ्रेमकडे बघितलंच नाही. म्हणाले, "स्पोक मोज गं आधी." मोजले. पुढे बत्तीस, मागे चाळीस. "मग ही आपलीच की! तुझ्या आजोबांची रॅलेसुद्धा बत्तीस-चाळीसच होती." भार मागच्या चाकावर जास्त, म्हणून स्पोकही तिथे जास्त, ही जुनी ब्रिटिश पद्धत. इथे ती केव्हाच मागे पडली, सगळीकडे छत्तीस-छत्तीस झालं. आपल्याकडच्या काळ्या सायकलींना मात्र अजून तेच गणित आहे. इतकी वर्षं आपल्या सायकली बघून मी ते कधी मोजलं नव्हतं.

१९ जानेवारी, रविवार

आजचा दिवस कॉटर पिनने खाल्ला. क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, विल्यम्सचे, पोलादी; त्यांना अ‍ॅक्सलवर अडकवून ठेवणारी दोन्हीकडे एकेक पिन. उजवी निघाली. डावीवर मी हातोडी मारली, खाली काही टेकू न देता. पिनेचं डोकं चपटं होऊन पसरलं आणि ती आणखीच रुतली. चूक माझी. टेकू दिला असता, किंवा सरळ प्रेस आणून दाबली असती, तर पाच मिनिटांचं काम होतं. शेवटी ड्रिलने पोखरून काढली, दीड तास लागला. क्रँकला ओरखडा आला त्याचं वाईट वाटतंय.

त्यानंतर ज्याची धास्ती होती ते. १९६० साली रॅलेने कार्लटन विकत घेतली. रॅलेच्या नॉटिंगहॅमच्या कारखान्याचे आटे वेगळे, इंचाला २६. बाकी ब्रिटिश सायकलींना २४. इथे २६ निघाले असते तर नव्या बाजारातला नेहमीचा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा अ‍ॅक्सल आणि त्याची बेअरिंग, बसला नसता. शेल, म्हणजे तो बसतो ती फ्रेमची आडवी नळी, ६८ मिलिमीटर रुंद भरला तेव्हा जरा हायसं वाटलं, कारण रॅलेचे रुंद असतात. बेअरिंगचा उजवा कप उलट्या आट्यांचा, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. निघाल्यावर त्याला आट्यांचा गेज लावला आणि दाते आट्यांत तंतोतंत बसले. चोवीस.

आत दोन्हीकडे अकरा-अकरा छर्रे, काळ्या ग्रीसच्या लगद्यात. पुसून उजेडात धरले तर त्यांवर बारीक खड्डे दिसले. कप मात्र गुळगुळीत. बाबांचं म्हणणं, छर्रे नवे घाल, कप राहू देत. एरवी तसंच केलं असतं, पण क्रँक बदलणार असेन तर अ‍ॅक्सलही बदलावा लागेल. बघू.

२ फेब्रुवारी, रविवार

चाकं. दोन आठवडे डोक्यात दुसरं काही नाही.

जुन्या रिम्स २७ इंची, क्रोम चढवलेल्या पोलादाच्या. दिसतात सुरेख. पण ओल्या क्रोमवर ब्रेकचं रबर नुसतं सरकत राहतं, दाबल्यानंतर सायकल थांबायला जीव घेते. हा पावसाचा देश आहे आणि मला ही सायकल भिंतीवर टांगायची नाही, कामावर न्यायची आहे. पोलादी रिम्स गेल्या, हे ठरलं. यात मला काही तडजोड वाटत नाही. तिचा पहिला मालकसुद्धा ती पावसातच चालवत असणार, आणि परवडल्या असत्या तर त्यानेही अ‍ॅल्युमिनियमच्याच घेतल्या असत्या.

मग माप. २७ इंचीचे टायर अजून मिळतात, पण निवड दोन-चार टायरांतच. ७००सी, म्हणजे आजचं नेहमीचं माप, घेतलं तर हवे तसे टायर. टायर बसतो तिथला व्यास २७ इंचीचा ६३०, ७००सीचा ६२२. फरक आठ मिलिमीटरचा, म्हणजे ब्रेकचं रबर फक्त चार मिलिमीटर खाली आणायचं. वाइनमनच्या सेंटरपुल ब्रेकांच्या खाचेत किती जागा उरलीय ते पाहिलं. सात निघाली. ७००सी.

आता खरी अडचण, मागचं चाळीस भोकांचं हब, म्हणजे स्पोक अडकतात तो चाकाचा मधला भाग. तीन दुकानांत विचारलं, तिघांनी एकच सल्ला दिला: नवं छत्तीसचं हब घ्या आणि मोकळे व्हा. व्यवहाराने बरोबरच आहे. पण हबचा कोन (बेअरिंगवरची शंकूसारखी नट) उघडला तर आत सगळं लखलखीत, फ्रेममध्ये अंतर १२० मिलिमीटर आणि हबही १२०चंच, कुठे काही वाकवायला नको. चांगला चालणारा भाग केवळ भोकं जास्त म्हणून टाकायचा, हे मनाला पटेना. आणि बाबांचं ते "आपलीच की".

उत्तर टँडममध्ये मिळालं. दोघांचं वजन पेलायचं म्हणून टँडमसाठी ४० भोकांच्या ७००सी रिम्स आजही निघतात. थोडी जड आहे, थोडी महागही. मागवली. पुढची बत्तीसची तर कुठेही मिळते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सायकल जंबलला गेले होते. शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडून जुने सुटे भाग विकायला बसतात, आपल्याकडच्या जुन्या बाजारासारखंच. स्ट्राँगलाइटचा क्रँकसेट मिळाला, ४६ आणि ३६ दात्यांचा. फ्रेंच आहे, पण त्या कंपनीचे कॉटरशिवायचे अ‍ॅल्युमिनियम क्रँक १९३३ पासूनचे, तेव्हा ते या फ्रेमला उपरे नाहीत. तो काढायचा पुलर वेगळा लागतो, २३.३५ मिलिमीटरचा. नेहमीचा २२चा लावला तर आटे कातरून जातात. विकणाऱ्या आजोबांनी तो न मागता बरोबर दिला आणि वर पैसे घेतले नाहीत.

मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका दातेचक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ठरत नव्हता. काळाला धरून राहायचं तर मूळचा ह्युरे ऑल्विटच ठेवायला हवा. तो जड आहे आणि त्याचे सांधे झिजलेत. सनटूरने १९६४ साली तिरक्या समांतरभुजेचा डिरेलर काढला. त्यात वरची छोटी पुली फ्रीव्हीलच्या, म्हणजे मागच्या दातेचक्रांच्या, उताराला धरून सरकते, लहान दातेचक्र असो की मोठं, अंतर जवळपास तेवढंच राहतं. म्हणून गिअर हलक्या हाताने पडतो. मी सत्तरच्या दशकातला सनटूर घेतला. कुणी नाक मुरडेल, पण गुडघे माझे आहेत आणि मला पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागात जायचंय. मागे १४ ते २८ दाते, म्हणजे सगळ्यात हलका गिअर इथल्या इंचांच्या हिशेबात (दात्यांचं गुणोत्तर गुणिले चाकाचा व्यास) ३४, सगळ्यात जड ८७. ऑल्विट तेल लावून, कापडात गुंडाळून, चिठ्ठी बांधून ठेवला आहे.

८ मार्च, शनिवार

बॉटम ब्रॅकेट नवा, सीलबंद. सीट ब्रुक्स बी१७. हँडल आणि ते धरणारा जीबीचा स्टेम जुनेच, घासून पुसून. ब्रेकला कूल-स्टॉपची तांबूस रबरं. रंगाला हात लावायचा नाही, फक्त मेण.

२३ मार्च, रविवार

काल रात्री मागचं चाक विणलं. फोन बरणीला टेकवून ठेवला होता. सांगलीत पहाट झाली होती, बाबा चहा घेऊन बसले होते. चाळीस स्पोक, प्रत्येक चार स्पोकांना ओलांडून जाणारा. एकदा चुकलं, सगळं उसवलं. मग आऊट, म्हणजे चाकाचं वाकडं फिरणं, काढायला घेतला. रिम डावीकडे जाते तिथे उजवीचं निपल पाव फेरा आवळायचं, डावीचं तेवढंच सैल करायचं. बाबा म्हणाले, "बघू नकोस, ऐक." स्पोक बोटाने छेडायचे, सारखे वाजले की ताण सारखा. उजव्या बाजूचे सगळे एका सुरात यायला दीड वाजला. डावीकडचे त्याहून खालच्या सुरात, फ्रीव्हीलमुळे तसंच असतं.

आज सकाळी झिमझिम होती. मुद्दाम तेव्हाच काढली. लेंटनवरून विद्यापीठाच्या जुबिली कॅम्पसच्या बाजूने गेले, तिथे पूर्वी रॅलेचा कारखाना होता. उतारावर दोन्ही ब्रेक दाबले. पहिला अर्धा फेरा रबराने पाणी पुसलं आणि मग सायकल सरळ रेषेत, आवाज न करता थांबली. स्पोकांवर पाण्याचे थेंब होते. फोटो काढून बाबांना पाठवला. उत्तर आलं: "मागचं चाक नीट दिसत नाही. जवळून पाठव."