काका, ते गाडीचं ऑइल नाही

परवा नेरुळची रात्रपाळी संपवून सकाळी वर्तकनगरला घरी पोचले, तर तळमजल्यावरचे काका जिन्यातच उभे. हातात मोबाइल, त्यावर प्लाझ्मा बदलण्याचा कुठलासा व्हिडिओ. "तू हेच मशीन चालवतेस ना गं? वय कमी होतं म्हणे. गाडीचं ऑइल बदलतो तसं वर्षातून एकदा करून घ्यावं म्हणतो."

काका एकाहत्तर वर्षांचे. मला परकरात असल्यापासून ओळखतात. डोळ्यांवर झोप होती, तरी तिथेच पायरीवर बसले. हा प्रश्न हल्ली फार जण विचारतात, म्हणून त्यांच्याशी बोलले ते इथे लिहिते.

प्लाझ्मा एक्स्चेंजमध्ये माणसाचं रक्त नळीतून मशीनमध्ये येतं. पेशी वेगळ्या होऊन अंगात परत जातात आणि पिवळा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, पिशवीत साठतो. वरणावरचं पाणी असतं ना, साधारण तसा दिसतो. साठ किलोच्या माणसाचा एका वेळी अडीच लिटरच्या आसपास निघतो आणि तेवढ्याच मापाचं अल्ब्युमिन या प्रथिनाचं द्रावण आत जातं. काका, गाडीचं जुनं ऑइल म्हणजे नुसता कचरा. या पिशवीत मात्र रोग करणाऱ्या प्रतिपिंडांबरोबर (अँटिबॉडींबरोबर) रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन जातं, आजवरच्या आजारांनी आणि लशींनी कमावलेली प्रतिपिंडंही जातात. मशीनला चांगलं-वाईट कळत नाही. म्हणून लागोपाठ सत्रं झाली की रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग या दोन्हींची धास्ती असते. त्यात बहुतेकांना मानेतून जाड नळी घालावी लागते, तिचा धोका वेगळाच.

एका सत्रात काम होतं असंही नाही. गच्चीवरची टाकी खालून रिकामी करताना वरून नळ चालू ठेवला तर जुनं पाणी पूर्ण जात नाही, नव्यात मिसळत राहतं. अंगातल्या प्लाझ्माएवढा प्लाझ्मा एकदा बदलला तर रक्तातली प्रतिपिंडं साधारण ६३ टक्के कमी होतात. शिवाय निम्म्याहून जास्त रक्तवाहिन्यांच्या बाहेर दडलेली असतात, ती हळूहळू परत रक्तात येतात. म्हणून एक दिवसाआड, बहुधा पाच वेळा करतात.

सत्र चालू असताना मी दर थोड्या वेळानं विचारते, "ओठांना मुंग्या येतायत का? बोटं वळतायत का?" नळीत रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. मुंग्या हा पहिला इशारा. वेग कमी करून कॅल्शियम दिलं की बहुतेकदा थांबतात. अंगावर न काढता लगेच सांगायचं, एवढंच.

एक प्रश्न मात्र मी एकदा विचारला नव्हता. मायस्थेनियाच्या, म्हणजे स्नायूंची ताकद जाणाऱ्या आजाराच्या, एक मावशी होत्या, पापण्या मिटलेल्या, घास गिळवत नव्हता. तिसरं सत्र. अल्ब्युमिन सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती, तोच चेहरा लालबुंद झाला आणि वरचं बीपी सत्तरवर आलं. मशीन थांबवलं, पाय उंच केले, सलाइन सोडलं, डॉक्टर धावत आले. सकाळी त्यांना बीपीची रामिप्रिलची गोळी दिलेली होती. त्या गटातल्या गोळ्या, ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं, अल्ब्युमिनबरोबर बीपी असं पाडू शकतात. म्हणून डॉक्टर त्या २४ ते ४८ तास आधी थांबवतात. हे मला ठाऊक होतं, तरी मी विचारलं नव्हतं. मावशी सावरल्या. पण त्यांच्या मुलीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर अजून जात नाही. आता नळी जोडण्याआधी मी गोळ्यांच्या पट्ट्या स्वतः हातात घेऊन वाचते.

"मग मावशींना चालतं, मला का नाही?" काकांनी विचारलं. अगदी रास्त प्रश्न.

मावशींचा गुन्हेगार, म्हणजे रोग करणारी प्रतिपिंडं, त्या प्लाझ्मात होता आणि तो कोण, हे ठाऊक होतं. तुमच्या वयाचा तसा कुणी ठाऊक नाही. टीटीपी नावाच्या रक्ताच्या आजारात उपचाराविना दहातले नऊ रुग्ण दगावत. तिथे दात्यांचा प्लाझ्मा देऊन एक्स्चेंज करतात आणि बहुतेक जण वाचतात. जीबीएसमध्ये, पायांतली ताकद जाऊन माणूस कधी व्हेंटिलेटरवरही जातो त्या आजारात, याचा उपयोग सिद्ध झालाय. पण तिथेही इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांची, इंजेक्शनं तितकीच चालतात. नातेवाईक हात जोडून म्हणतात, "ताई, दोन्ही द्यायला सांगा." १९९७ साली ३८३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात एक्स्चेंजनंतर इंजेक्शनं देऊन ठळक जादा फायदा दिसला नाही. आणि आधी इंजेक्शनं देऊन मग एक्स्चेंज केलं, तर महागडं औषध त्याच पिवळ्या पिशवीत जातं. दागिने मोडून आणलेलं औषध असतं हो ते.

अमेरिकन सोसायटी फॉर अफेरेसिस ही अशा रक्त वेगळं करण्याच्या उपचारांची संस्था आजारांचे चार वर्ग करते. पहिल्यात हा पहिल्या फळीचा उपचार, चौथ्यात निरुपयोगी किंवा घातक. घरच्यांनी डॉक्टरांना बेधडक विचारावं, आमचा आजार कुठल्या वर्गात? बदली काय देणार, किती सत्रं, कुठल्या गोळ्या थांबवायच्या?

काका बराच वेळ गप्प होते. मग घरात जाऊन गोळ्यांचा डबा घेऊन आले आणि माझ्यासमोर धरला. "ही बघ. 'प्रिल'च आहे ना?"

तीच होती. म्हटलं, "हो काका. आणि ही मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही."