बांगड्याच्या पाठीवर तांदळाचं पोतं

गेल्या रविवारी मी एका घोड्याच्या पाठीवर तांदळाच्या पोत्यासारखी आडवी पडले होते, म्हणजे पोट खोगिरावर, डोकं एका बाजूला लोंबतंय, गमबूट दुसऱ्या बाजूला, आणि शेजारच्या आजीने धरलेल्या मोबाइलवर अलिबागहून काका व्हिडिओ कॉलवर बघत होता. इकडे सकाळचे दहा, तिकडे दुपारचे साडेतीन, काकाच्या मागे बीचवरची शहाळेवाल्याची गाडी दिसत होती आणि काका हसून हसून सांगत होता, "अगो बाय, एवढं शिकून तिकडे गेलीस ती हे करायला?"

तर झालं असं की आम्ही दोन वर्षांपूर्वी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉल्वे काउंटीत, क्लिफडनजवळ राहायला आलो. मी इथल्या एका वृद्धाश्रमात नर्स आहे. पहिल्या आठवड्यातच मला हा भाग ओळखीचा का वाटतोय ते कळलं, कारण इथे सगळीकडे गडगे आहेत. आपल्यासारखेच, चुना-सिमेंट काही नाही, दगडावर दगड, फक्त आपला जांभा तांबडा आणि यांचा दगड करडा. पाऊस पण आहेच, पण आपला पाऊस चार महिने कोसळून मोकळा होतो, इथला बारा महिने नाक गळल्यासारखा.

आणि भरती-ओहोटी. क्लिफडनच्या पुढे ओमी म्हणून बेट आहे, ओहोटीला वाळूतून चालत जायचं, भरतीच्या आधी परत यायचं, अगदी आपला कुलाबा किल्ला! फक्त आपल्याकडे किल्ल्यातल्या गणपतीला न्यायला घोडागाडी असते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकाच्या हिशोबाने तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढली आणि फसले. आपल्याकडे पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास पूर्ण भरती, इथे त्याच वेळेला जवळपास पूर्ण ओहोटी. काकाला हे सांगितलं तर त्याचा विश्वासच बसेना, समुद्र एकच ना मग असं कसं म्हणाला.

काकाची घोडागाडी आहे. तीस वर्षं तो ओहोटी बघून किल्ल्याच्या फेऱ्या मारतोय, वर बीचवर रपेटीला एक-दोन तट्टं. त्यामुळे शेजारच्या आजीच्या कुरणात मला घोडे दिसले तेव्हा मी आपणहून लीद उचलायला गेले, आणि तिने पण काही न विचारता माझ्या हातात फावडं दिलं. तेव्हापासून सुट्टीचे दिवस तिथेच.

इथले हे घोडे म्हणजे कॉनेमारा पोनी. उंची 128 ते 148 सेंटीमीटर, अंगाने दणकट, दगडधोंड्यातून शेळीसारखे चालतात. यांची ब्रीडर्स सोसायटी 1923 सालची, दर ऑगस्टला क्लिफडनला मोठं प्रदर्शन भरतं. लोक सांगतात की 1588 साली स्पॅनिश आरमाराची जहाजं इथे फुटली, त्यातले घोडे पोहत किनाऱ्याला लागले आणि त्यांचं रक्त यांच्यात आहे. दंतकथाच आहे ती, पण आपल्या नवगावला बेने इस्रायलींचं जहाज फुटल्याची गोष्ट ऐकत मोठी झालेली मी, मला अशा गोष्टी पटकन आवडतात. प्रत्येक घोड्याला मायक्रोचिप आणि पासपोर्ट असतो. म्हणजे त्याचा पासपोर्ट आयरिश, माझा अजून भारतीय, असो.

माझ्या वाट्याला आला तो चार वर्षांचा. कागदावर त्याचं भलंमोठं आयरिश नाव आहे ज्याचा उच्चार मला आजतागायत जमलेला नाही. राखाडी अंगावर गडद लाटा-लाटांची नक्षी, म्हणून मी त्याला बांगडा म्हणते, आजीला अर्थ सांगितला तर ती पण आता तेच म्हणते, फक्त ड चा उच्चार भलताच करते.

चार वर्षांचा आणि पाठीवर अजून कोणी बसलेलं नाही, यावर काकाचा पहिला प्रश्न, "चार वर्षं फुकट चंदी घातलीत?" मी त्याला समजावलं की घोडा दिसायला दोन वर्षांत मोठा दिसतो पण हाडं एकदम पक्की होत नाहीत, पायांची आधी होतात आणि पाठीच्या मणक्यांची सगळ्यात शेवटी, पाच-सहा वर्षांपर्यंत. म्हणून हे लोक तिसऱ्या-चौथ्या वर्षी हलकं काम सुरू करतात, ते पण दिवसाला पंधरा-वीस मिनिटं आणि मध्ये चक्क सुट्टी. वजनाचं पण आहे, माणूस आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये असं साधारण मानतात. आता आपल्या बीचवरचं अडीचशे किलोचं तट्टू घ्या, पाचवा हिस्सा झाला पन्नास, आणि वर बसतो कोण तर नव्वद किलोचा पाहुणा, एका हाताने सेल्फी काढत. काका म्हणाला, "मग काय गिऱ्हाइकाला आधी वजनकाट्यावर उभं करू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आताही नाही.

बांगड्याचं शिक्षण गेल्या सप्टेंबरात सुरू झालं आणि पहिला महिना मला कंटाळाच आला खरं सांगायचं तर. मोरकी घालून चालायचं, थांबायचं, मागे सरायचं. खरारा करायचा, चारी खूर उचलून बघायचे. जवळ जाताना कायम खांद्याच्या बाजूने, कारण घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं पण कपाळासमोर अगदी पुढ्यात आणि शेपटीमागे दिसत नाही, तिथून हात आला की दचकतो. जे डावीकडून केलं ते उजवीकडून पहिल्यापासून करायचं. मग दंतवैद्य येऊन दाढांच्या पुढचे बारके दात काढून गेला, लगामाची कडी त्यांना लागली की दुखतं म्हणे. मग पाठीवर नुसतं फडकं. मग जाड गादी. मग खोगीर, आणि तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून आवळायचा पट्टा, एका वेळी एकच भोक.

मग एक दिवस आजीने दोन लांब दोर काढले, लगामाच्या दोन्ही बाजूंना अडकवले आणि बांगड्याच्या मागून चालत त्याला रस्त्यावर नेलं, आणि मी ओरडलेच, हे तर कासरे! आमचे आजोबा पाडा असाच शिकवायचे. आधी नुसतं जू, तेही जुन्या बैलाच्या जोडीला, मग मागे ओंडका, मग नांगर, आणि मागून कासरा धरून चालणारे आजोबा सारखे काहीतरी बोलत असायचे, शिव्याच असायच्या पण आवाज अंगाई म्हटल्यासारखा. पाड्याशी एवढा धीर धरणारं आमचं घर घोड्याच्या बाबतीत असं का नव्हतं ते मला कळत नाही. बहुतेक पाडा घरात जन्मलेला असायचा आणि घोडा पैसे मोजून आणलेला, हप्ता डोक्यावर.

कारण घोडा कसा 'काढायचा' ते मी लहानपणी बघितलंय. ओढत समुद्रात न्यायचा, पोटापर्यंत पाण्यात, तिथे त्याला नीट उडता येत नाही, मग वर बसायचं आणि तो दमून फेसाला येईपर्यंत बसून राहायचं. दोन दिवसांत घोडा तयार. आम्ही पोरं वाळूत उभं राहून टाळ्या वाजवायचो.

आता नोव्हेंबरची गोष्ट, जी मी घरी बरेच दिवस सांगितली नव्हती. आजी बाजारात गेली होती, जाताना म्हणाली आज वारा आहे, खोगीर नको. मला वाटलं तेवढंच एक पाऊल पुढे टाकून दाखवू. खोगीर चढवलं, तंग पहिल्याच फटक्यात दोन-तीन भोकं आवळला, आणि त्याच क्षणी गडग्यावरून खाद्याची रिकामी प्लास्टिकची पिशवी उडत आली. बांगडा उधळला. खोगीर घसरून पोटाखाली गेलं, रिकिबी, म्हणजे पाय ठेवायच्या कड्या, त्याच्या पायांत आपटायला लागल्या, आणि त्या आवाजाला घाबरून तो अजून पळतोय, आणि पळतोय म्हणून अजून आवाज. शेवटी कोपऱ्यात गडग्याला छाती लावून थरथरत उभा राहिला. मला त्याच्यापर्यंत जायलाच दहा मिनिटं लागली, माझे पण हात कापत होते.

आजी आली, तुटलेली रिकीब बघितली आणि एवढंच विचारलं, "तंग एकदम आवळलास ना?" बस. मला वाटलं ओरडेल, तर तिने चहा ठेवला. दुसऱ्या दिवसापासून परत फडकं.

पण आता तो फडकं बघून पण कोपऱ्यात जायला लागला. खरी शिकवणी मग सुरू झाली, माझी. मला वाटायचं तो गप्प उभा राहिला म्हणजे त्याला जमलं. आजी म्हणाली त्याच्या नाकपुड्या बघ, पोट बघ. गप्प होता पण श्वास धरून, कान ताठ, जबडा आवळलेला, डोळ्याचं पांढरं दिसतंय. ते निवांत उभं राहणं नाहीच, ते आतल्या आत गोठून जाणं, आणि असा गोठलेला घोडाच एकदम स्फोट झाल्यासारखा उडतो. निवांत असतो तेव्हा मान खाली येते, खालचा ओठ लोंबतो, तोंड चघळल्यासारखं हलवतो, एक मागचा पाय टेकवून सैल सोडतो. आणि तसं झालं की फडकं लगेच काढून घ्यायचं, आणखी दोन मिनिटं ठेवू हा मोह नको. तो घाबरून दूर पळाला म्हणून फडकं गेलं असं त्याला वाटता कामा नये, तो सैल झाला म्हणून गेलं असं कळायला पाहिजे. हे ऐकताना मला त्या पाण्यातल्या घोड्यांची आठवण आली, ज्यांना आम्ही तयार म्हणायचो. ते सगळे गप्प होते.

प्लास्टिक पिशवीचा इलाज तर मला फारच आवडला. पिशवी त्याच्याकडे न्यायचीच नाही. आजी पिशवी काठीला बांधून त्याच्यापासून दूर चालत जायची आणि मी बांगड्याला घेऊन तिच्या मागे. जी वस्तू आपल्याला बघून पळते तिला कोण घाबरणार? चौथ्या दिवशी तो तिचा पाठलाग करत होता.

डिसेंबरात मी घरी आले तर काकाने नवी घोडी आणलेली, चिंगी, तीन वर्षांची, घाटावरच्या बाजारातून टेम्पोत घालून. जुनी राणी आता थकली. चिंगीला दोन गोष्टींची भीती, लाट आणि बीचवरच्या त्या चार चाकी बाइक. काकाचा प्लॅन तोच, उद्या पाण्यात नेऊ. मी म्हटलं मला आठ दिवस दे. काका म्हणाला नाताळची गर्दी आलीय, आठ दिवस म्हणजे किती पैसे माहितीये? मला माहिती होतं. शेवटी काकी मध्ये पडली.

लाटेचं कारण मला तिच्या शेजारी अनवाणी उभं राहिल्यावर कळलं. लाट येते त्याचं तिला एवढं नव्हतं, लाट परत जाताना पायाखालची वाळू सरकते, तेव्हा तिला वाटायचं जमीनच चालली. मग आम्ही समुद्राकडे तोंड करून तिला उभी करणंच सोडलं. ओहोटीच्या ओल्या कडक वाळूवर, किनाऱ्याला समांतर, समुद्राच्या बाजूला राणी आणि अलीकडे चिंगी. राणी अशी चाललेली की समुद्र तिच्या वडिलांचा. रोज एक हात पाण्याकडे सरकायचो. सहाव्या दिवशी चिंगीने खाली मान घालून फेसाचा वास घेतला आणि फुरफुरली, काका काही बोलला नाही, फक्त बिडी पेटवायची विसरला.

बाइकवाल्या पोराला मी दोनशे रुपये देऊन पहाटे बोलवलं, म्हटलं हळू चालव आणि आमच्यापासून लांब जा. त्याला वाटलं मी वेडी. पहिल्या दिवशी शंभर फुटांवरून, चिंगी घामाने ओली. पाचव्या दिवशी ती बाइकमागे दुडक्या चालीने. पोरगं मागे बघून बोंबलतंय, ताई ही माझ्या अंगावर येते! काम काही पूर्ण झालं नाही, माझी रजा संपली. फेब्रुवारीपर्यंत तिच्यावर कोणाला बसवायचं नाही आणि मग फक्त लहान पोरं, असं काकाने कबूल केलंय. पाळतोय असं काकी सांगते.

तर मागचा रविवार. तीन आठवडे मी स्टुलावर उभी राहून बांगड्याच्या बाजूला नुसत्या उड्या मारल्या, खोगिरावर हात आपटले, रिकिबी वाजवल्या, दोन्ही बाजूंनी, आणि तो गवत चघळत बघत राहिला. मग आजीने मान हलवली आणि मी आडवी पडले. दहा आकडे मोजले. त्याचा एक कान माझ्याकडे वळला, पोट एकदा आवळलं, मग सुटलं, आणि मला माझ्या बरगड्यांखाली त्याचा लांब श्वास कळला. उतरले. दुसऱ्या बाजूने परत. तिसऱ्यांदा त्याने एक मागचा पाय सैल सोडला, माझं वजन पाठीवर असताना.

"आता पाय टाक आणि बस की गो!" मोबाइलमधून काका. त्याच वेळी आजी म्हणाली आज एवढंच, उतर. मी उतरले, तंग एकेक भोक सोडला आणि बांगड्याला कुरणात सोडून दिलं.

काका जाम वैतागला. पिक्चर इंटरवलला बंद केलात म्हणाला, भर दुपारी झोप सोडून बसलो होतो. मग थोडा वेळ गप्प. मग विचारतो, ती खोगिराखालची जाड गादी आहे ना, ती तिकडे केवढ्याला मिळते? गणपतीला येशील तेव्हा चिंगीच्या मापाची एक घेऊन ये, आणि चॉकलेटं आणू नकोस, कोणी खात नाही.