टायरला धरतं कोण?

खड्डा चुकवायला गाडी जरा जोरात वळवली आणि मागचा टायर रिमवरून उतरला. पंक्चर नव्हतंच. महिनाभर हवा बघितली नव्हती, चूक माझीच. पंक्चरवाल्याच्या बाकड्यावर बसल्या बसल्या मनात आलं, या टायरला चाकावर धरतं तरी कोण? नट नाही, खिळा नाही, डिंक नाही.

विचारलंच शेवटी. "हवा," दुकानातला पोरगा म्हणाला, "आणि ही तार." टायरची कड त्याने माझ्या हातात दिली. रबराच्या पोटात पोलादी तारांचं कडं. तसूभरही ताणत नाही. मग ते रिमच्या उंच ओठावरून आत जातं कसं? रिमच्या मधोमध खोलगट चर असतो. कडेची एक बाजू त्यात दाबली की समोर बोटभर ढील मिळते आणि तेवढ्यात टॉमी, म्हणजे चपट्या टोकाची लोखंडी सळई, घालून उरलेली कड आत ढकलायची. घट्ट बांगडी भरताना कासार पंजा दाबून चिंचोळा करतो, त्याच जातीची युक्ती.

मग साबणाचं पाणी, मग कॉम्प्रेसर. टायर फुगत गेला आणि एकदम फट्ट! मी दचकलो. पुन्हा फट्ट! "बसला." रिमच्या कडेशी ५ अंशांचा बारीक उतार असतो, हवा टायरच्या कडेला रेटत उंचवट्यापलीकडे त्या उतारावर चढवते आणि ओठाला भिडवते, त्याचा हा आवाज. टायरच्या कडेत तार घालायची ही युक्ती १८९० सालची, इंग्लंडच्या चार्ल्स किंग्स्टन वेल्चची. त्याआधी डनलॉपचा टायर चाकाला चिकटवून टाकावा लागे. म्हणजे पंक्चर काढायचं तर आधी सगळं सोलायचं!

आमच्या गावी बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव, म्हणजे बाहेरचं कडं, चढवायचे. धाव चाकाहून किंचित लहान. गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, फुगली की चौघांनी सांडशीने उचलून चाकावर ठोकायची आणि लगेच पाणी. चर्रर्र... वाफेत माणसं दिसेनाशी व्हायची, आणि आवळणाऱ्या लोखंडाखाली आरे करकरायचे. धाव बाहेरून आवळून धरायची, टायर आतून फुगून. उन्हाळ्यात लाकूड वाळलं की धाव खुळखुळे; मग आजोबा अख्खं चाक रात्रभर डोहात बुडवून ठेवत.

"३२ भरलीय, काका," पोरगा व्हॉल्व्हवर थुंकी लावून बुडबुडा येतोय का बघत म्हणाला. "पंधरा दिवसांनी दाखवून जा. हवा फुकट आहे."