मधल्या जागेत काय असतं?

गेल्या महिन्यात कुंडीतल्या जास्वंदीनं मान टाकली. माती कोरडी असेल म्हणून बोट खुपसलं, तर पेरभर ओल लागली. तरी पानं लुळी आणि कडा करपलेल्या. दोन दिवसांपूर्वी मी खत घातलं होतं, घाईत, नेहमीच्या दुप्पट. ते आठवलं आणि पोटात धस्स झालं.

मी वर्षानुवर्षं महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहायक होते. रससंकोचाच्या, म्हणजे खारट पाण्यात पेशीतलं पाणी बाहेर जाऊन आतला भाग आकसण्याच्या, प्रात्यक्षिकाची तयारी माझ्याकडे असे. र्‍हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची बाजू जांभळी असते. पान तिरकं फाडलं की कडेला पातळ पापुद्रा सुटतो. तो काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवला की षटकोनी पेशी काठोकाठ जांभळ्या दिसतात. हा रंग रिक्तिकेतला, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीतला. मग एका कडेनं 5 टक्के मिठाचं पाणी सोडायचं, दुसऱ्या कडेला टिपकागद लावायचा आणि डोळा लावून बसायचं. आधी कोपरे सुटतात. मग जांभळा गोळा भिंतीपासून मागे सरकतो, आकसतो, आणि आकसता आकसता गडद होतो, कारण पाणी बाहेर गेलं तरी रंग आतच राहतो. भिंत मात्र होती तिथेच उभी.

तोंडी परीक्षेत एक प्रश्न ठरलेला: भिंत आणि गोळा यांच्या मधल्या जागेत काय असतं? बरीच मुलं म्हणायची, हवा. तिथे असतं बाहेरचं मिठाचं पाणी. भिंत ते अडवत नाहीच. मीठ अडवतं ते आतलं पटल, गोळ्याभोवतीचा पातळ पडदा. या एका उत्तरात मला सगळा विषय दिसतो.

'मुळं पाणी ओढून घेतात' हे वाक्य म्हणूनच मला खटकतं. पेशीकडे पाण्याचा पंप नाही. तिचे पंप क्षारांचे. ऊर्जा खर्चून ती क्षार आत भरते, आतला रस दाट होतो आणि पाणी आपसूक आत येतं. पटलात त्याच्यासाठी ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांची दारं असतात. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना 2003 साली रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. पण पाण्यानं आत जायचं की बाहेर, हे दार ठरवत नाही. आत आलेलं पाणी भिंतीला रेटतं, भिंत उलट रेटते, आणि हा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त भरू शकतो. कोवळं पान ताठ उभं राहतं ते याच दाबावर.

खरी ओढ असते ती वरून. पानांतून वाफ होऊन जाणारं पाणी जलवाहिनीतला अख्खा स्तंभ वर खेचतं, आणि जलवाहिनी म्हणजे मेलेल्या पेशींच्या रिकाम्या नळ्या. तिथवर पोचायच्या आधी मुळात एक नाका लागतो. बाहेरच्या थरांत पाणी भिंतीभिंतींतूनही झिरपत येतं, त्याच्याबरोबर विरघळलेलं काहीही येऊ शकतं. अंतस्त्वचेपाशी, म्हणजे मुळाच्या आतल्या एका थरापाशी, पेशींच्या भिंतींतली कॅस्पेरियन पट्टी ही वाट बंद करते, आणि पाण्याला कुठल्यातरी पेशीच्या पटलातून जावंच लागतं. मधल्या जागेचं उत्तर कळलेल्या मुलाला ही पट्टी वेगळी शिकवावी लागत नसे.

माझ्या कुंडीत खतानं मातीतलं पाणीच इतकं दाट केलं की मुळांच्या पेशींना ते मिळेना. (सुकलेल्या पानात भिंतही पेशीबरोबर आत वळते, काचपट्टीवरच्यासारखी सुटी राहत नाही. कारण मात्र तेच.) काचपट्टीवर वेळेत साधं पाणी सोडलं तर जांभळा गोळा फुगत फुगत पुन्हा भिंतीला टेकतो. उशीर झाला की पटल फाटतं आणि रंग पसरून जातो. हा परतीचा भाग बघायला बरीच मुलं थांबायची नाहीत, मी थांबायचे.

म्हणून त्या दिवशी कुंडी मोरीत ठेवली आणि खालच्या भोकातून पाणी नितळ येईपर्यंत तांब्यामागून तांब्या ओतत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या सकाळी शेंड्याची पानं उभी होती. खालच्या तीन पानांच्या कडा तपकिरीच राहिल्या आहेत. देठाकडचा भाग हिरवा आहे, म्हणून ती अजून खुडलेली नाहीत.