मग कारखान्याला थेट का देत नाही?

लग्नाच्या पंगतीत बसलो की हा प्रश्न ठरलेला. पुण्याहून आलेला भाचा विचारतो, बँकेचे साहेब विचारतात, "शेतकऱ्यांची कंपनी काढलीत ना? मग सोयाबीन थेट तेलाच्या कारखान्याला घाला की! आडत्याचं दार कशाला?"

लातूरकडं मी शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या कामात आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कंपनी काढणं आता अवघड राहिलेलं नाही. 2002 च्या कायदादुरुस्तीपासून 10 शेतकरी जमले की उत्पादक कंपनी नोंदवता येते. 2020 मध्ये अशा 10,000 शेतकरी उत्पादक संस्था उभ्या करायची केंद्राची योजना आली आणि गावोगाव पाट्या लागल्या. गिऱ्हाईकही मिळतं, कारखान्याला माल हवाच असतो.

आता हिशेब बघा. ट्रकमध्ये 250 क्विंटल बसतं. क्विंटलला 4,200 चा भाव धरला तर साडेदहा लाखांचा माल झाला. कंपनीचे सभासद 300, प्रत्येकाचा शेअर 1,000 रुपयांचा, म्हणजे भांडवल 3 लाख. एक ट्रकसुद्धा रोखीनं भरत नाही. कारखाना पैसे बुडवत नाही, पण वजन, लॅब, बिल असं होत होत आठ-दहा दिवस जातात. इकडं दिवाळी तोंडावर, मळणीवाला दारात, हरभऱ्याचं बियाणं घ्यायचंय. आडत्या त्याच दिवशी हिशेबाची पट्टी आणि पैसे हातात ठेवतो. जूनमध्ये खताला उचलही त्यानंच दिलेली असते. त्याला शिव्या घालणं सोपं आहे हो, पण रात्री नऊला फोन उचलून दवाखान्यासाठी पाच हजार देणारं आमच्या कंपनीत कोणी नाही. बँकेकडं गेलो तर आधी तीन वर्षांचे ताळेबंद मागतात, मग संचालकांच्या जमिनी.

लोक नाशिककडच्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सचं उदाहरण देतात, तीही शेतकऱ्यांचीच कंपनी. काम मोठंच आहे त्यांचं. पण निर्यातीची द्राक्षं पिकवणारा बागायतदार आणि आमचा तीन एकर कोरडवाहूवाला, दोघांचे खिसे वेगळे.

दुसरी अडचण 10-2-2 ची. कारखान्याला ओलावा 10 टक्के, माती-काडी 2, डागी दाणे 2, याच्या आत माल लागतो. पहिल्या वर्षी आम्ही आडत्यासारखंच दाताखाली दाणा फोडून माल घेतला. आडत्याचे दात तीस वर्षांचे, आमचे नवे! कारखान्याच्या गेटवर पोत्यात नळी खुपसून नमुना काढला, मशीननं ओलावा 13.6 दाखवला. कपात झाली आणि ती कंपनीच्या बोकांडी बसली, कारण सभासदांना पूर्ण भाव देऊन मोकळे झालो होतो.

तेव्हापासून ओलावा मोजायचं मीटर शेतकऱ्यासमोर लावतो. ओलाव्याप्रमाणं भाव पुठ्ठ्यावर लिहून काट्याशेजारी टांगलेला असतो. एका काकूंनी तीनदा दाणे घालायला लावले, तिन्ही वेळा 14 च्या आसपास. म्हणाल्या, "वाळवायचे कष्ट माझे, अन् वजनबी माझंच घटणार?" त्यांचं खरंच आहे. 14 टक्क्यांचं 100 किलो 10 वर आणलं की साडेपंच्याण्णव किलो उरतं. कोरड्या मालाला तेवढा भाव चढा मिळाला नाही, तर ताडपत्री पसरायची कशाला? पुठ्ठ्यावरचे आकडे आम्ही त्या घटीवरूनच बसवलेत. काकूंना ते बोटांवर मोजून दाखवायला अर्धा तास लागला.

पैशाचा तिढा निम्मा सुटलाय. काहींचा माल बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत ठेवतो. तिथं किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, 6 टक्के व्याजानं, 180 दिवसांसाठी. बाकीच्यांना जमेल तेवढी रक्कम काट्यावर आणि उरलेली बिल आल्यावर. या 'उरलेली'वर अजून सगळ्यांचा विश्वास नाही.

काकूंनी दोन दिवस ऊन दाखवून माल परत आणला, पण वीसातली नऊच पोती. बाकीची कुठं, म्हणून विचारलं.

"तिकडं घातली आडतीला. त्याची उचल फिटू दे, मग बघू तुमचं."